लिम्फोमाची केमो संपली, आता पहारा नेमका कुठे ठेवायचा?

इंदूरच्या सुदामानगरातून एका ताईंनी सविस्तर लिहून विचारले आहे. त्यांचे यजमान ५४ वर्षांचे, बँकेत नोकरी. मानेत आणि पोटात गाठी झाल्या, तपासात डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा एक कॅन्सर, निघाला. आर-चॉप या अनेक औषधांच्या केमोचे सहा डोस झाले, शेवटचा ऑगस्टमध्ये. ऑक्टोबरचा पेट स्कॅन, म्हणजे अंगात आजार कुठे उरला आहे का ते दाखवणारी तपासणी, स्वच्छ आला. आता डिसेंबर संपत आला तरी थकवा जात नाही, जिना चढताना दम लागतो, पायांची बोटे बधिर आहेत, साखर वाढली आहे, चिडचिड होते. सासूबाईंनी दही, ताक, लिंबू आणि बाहेरचा वारा बंद केला आहे आणि रोज सकाळी त्या गुळवेलीचा काढा देतात. केमोबरोबर चालू असलेली ‘काविळीची गोळी’ पाकीट संपल्यावर थांबली. अधूनमधून तंबाखू-चुना पुन्हा सुरू झाला आहे. स्कॅन पुन्हा कधी, नोकरीवर कधी, रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीला, जाऊ द्यावे का, आणि हा आजार खरेच गेला की नुसता दबला, असे त्यांचे प्रश्न आहेत.

ताई, तुमच्या लिहिण्यातल्या एका ओळीपाशी मी थांबलो आणि बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले. ती काविळीची गोळी. तिच्याबद्दल आजच तुमच्या केमोच्या डॉक्टरांना फोन करा, पुढच्या तपासणीची वाट पाहू नका.

ती बहुधा एन्टेकाविर किंवा टेनोफोविर असेल, डिस्चार्ज कार्डावर नाव सापडेल. केमोआधीच्या रक्ततपासणीत हिपॅटायटिस बी किंवा त्याच्या जुन्या संसर्गाची खूण दिसली की ती सुरू करतात. असा संसर्ग आपल्याला कधीकाळी होऊन गेला, याचा पुष्कळांना पत्ताही नसतो. विषाणू यकृतात दबून राहतो आणि प्रतिकारशक्ती त्याला डोके वर काढू देत नाही. आर-चॉपमधला ‘आर’ म्हणजे रिटुक्सिमॅब. ते लिम्फोमाच्या बी पेशी मारते, पण त्यांच्याबरोबर संसर्गाशी लढणाऱ्या चांगल्या बी पेशीही जातात. शेवटच्या सलाईननंतर सहा महिने ते वर्षभर त्या पुरत्या परतत नाहीत आणि नेमक्या याच काळात हिपॅटायटिस बी उसळू शकतो. उसळला तर यकृत निकामी होण्यापर्यंत वेळ येते. हा धोका लक्षात घेऊन अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये रिटुक्सिमॅबच्या माहितीपत्रकावर चौकटीतला सर्वांत कडक इशारा छापायला लावला होता.

म्हणून ही गोळी केमोबरोबर संपत नाही. शेवटच्या रिटुक्सिमॅबनंतर किमान १२ महिने, काही जणांना १८ महिने ती घ्यावी लागते आणि थांबवल्यानंतरही काही काळ यकृताच्या तपासण्या चालू ठेवाव्या लागतात. तुमच्या हिशेबाने पुढच्या ऑगस्टच्या आत ती थांबण्याचा प्रश्नच नाही. डॉक्टर एसजीपीटी व बिलिरुबिन या यकृताच्या रक्ततपासण्या आणि विषाणूचे प्रमाण पाहून पुढचे ठरवतील. एन्टेकाविर असेल तर ती रिकाम्या पोटी घ्यायची असते, जेवणानंतर दोन तासांनी, आणि मग पुढचे दोन तास काही खायचे नाही. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, जेवणावरची वासना एकदम उडाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता त्याच यकृतापायी गुळवेलीचे. सासूबाईंची माया मला समजते. गुळवेल आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि कोविडच्या दिवसांत तर ती घरोघरी उकळली गेली. त्याच काळानंतर, २०२१ मध्ये, मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या रुग्णांमध्ये यकृताला सूज आल्याचे वर्णन प्रसिद्ध केले. यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखे चित्र दिसते. निरोगी माणसाने काय करावे हा वेगळा विषय. तुमच्या यजमानांच्या बाबतीत प्रश्न सरळ आहे. उद्या एसजीपीटी वाढले तर ते विषाणूमुळे वाढले की काढ्यामुळे, हे ठरवण्यात दिवस जातील आणि तेवढे दिवस आपल्या हाती नसतील. म्हणून काढा बंद. धातूंची भस्मे तर कुणीही, कितीही खात्रीने दिली तरी नकोत. गव्हांकुराचा कच्चा रस सहसा उघड्यावर वाढवलेल्या रोपांचा असतो, तोही राहू द्या.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत मला एकच गोष्ट दिसते. घरचे लोक जिवापाड पहारा देतात, पण तो भलत्याच दारावर असतो. दह्याच्या वाटीवर चार जणांचे लक्ष, आणि तंबाखूची पुडी खिशात. वाऱ्याची झुळूक येऊ नये म्हणून खिडक्या बंद, आणि थर्मामीटर कुठे ठेवला ते कुणालाच ठाऊक नाही. मला तुम्हाला सांगायचे आहे ते एवढेच, की लक्ष ठेवायच्या गोष्टी थोड्या आहेत. त्या नीट ओळखा, आणि बाकीच्या बाबतीत यजमानांना मोकळे सोडा.

जिना चढताना लागणारा दम मी केमोचा अशक्तपणा म्हणून सोडून देणार नाही. केमोतले ते लाल औषध तुम्हाला आठवत असेल, डॉक्सोरुबिसिन. लिम्फोमावर ते फार मोलाचे आहे, पण हृदयाच्या स्नायूवर त्याचा भार पडतो. आर-चॉपच्या प्रत्येक डोसात शरीराच्या दर चौरस मीटर क्षेत्रफळामागे ५० मिलिग्रॅम, म्हणजे सहा डोसांत ३००. आयुष्यभराची मर्यादा साधारण ४५० च्या आसपास धरतात. त्यामुळे यजमान मर्यादेच्या आत आहेत. तरीही काही जणांचे हृदय ३०० लाही कमजोर होते, विशेषतः आधीचा रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर. केमोआधी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झालाच असेल. आता दम लागतो आहे तर तो पुन्हा करून घ्या आणि दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून पाहायला सांगा. रात्री दोन उशा लागणे, संध्याकाळी घोट्यांवर सूज, आठवड्यात वजन दोन-तीन किलो वाढणे, ही लक्षणे दिसली तर थांबू नका. हृदयाची कमजोरी लवकर सापडली तर गोळ्यांनी बरीच सावरते. इको चांगला आला तर घरी रक्तदाब मोजायचे यंत्र आणा आणि दाब ताब्यात ठेवा. लाल औषध घेतलेल्या माणसाच्या हृदयासाठी रक्तदाब सांभाळण्याइतके उपयोगाचे दुसरे थोडेच असते.

त्याच वेळी हिमोग्लोबिन आणि थायरॉईडची टीएसएच ही तपासणीही करून घ्या. थकव्याचे कारण कधी कधी इतके साधे निघते.

आता थकवा. हे सगळे तपासून नीट आले तरी थकवा उरतो आणि त्याबद्दल घरात सर्वांत जास्त गैरसमज असतात. हा थकवा झोपेने जात नाही. माणूस दहा तास झोपून उठतो आणि तरी अंगात जीव नसतो. घरचे म्हणतात, आराम करा, पडून राहा. पडून राहिल्याने मांड्यांचे स्नायू आणखी गळतात, मग आणखी थकवा येतो, मग आणखी पडून राहणे. केमोनंतरच्या थकव्यावर ज्याच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा आहे ते एकच औषध आहे आणि ते कुठल्याही दुकानात मिळत नाही. चालणे आणि स्नायूंचा व्यायाम.

इको झाल्यावर डॉक्टरांनी हो म्हटले की सुरुवात अगदी थोडक्याने करा. सकाळी दहा मिनिटे, संध्याकाळी दहा मिनिटे. बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत वेग. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवत आठवड्याची १५० मिनिटे गाठायची आहेत, त्याला दोन-तीन महिने लागले तरी हरकत नाही. आठवड्यातून दोन दिवस खुर्चीतून हात न टेकता उठायचे-बसायचे, दहा-दहा वेळा, आधी दोनदा, मग तीनदा. इतक्या साध्या व्यायामाने जिना सोपा होतो. माळव्याच्या थंडीत पहाटे पाचला बाहेर पडण्याचा हट्ट नको. ऊन वर येऊ द्या. लालबागेत किंवा मेघदूत उपवनात आठ-साडेआठला भरपूर मंडळी फिरत असतात. सिरपूर तलावाच्या बाजूला गेलात तर हिवाळ्यात पक्षीही दिसतील. गर्दीच्या रस्त्यावरून, गाड्यांच्या धुरातून मात्र चालू नका. एखाद्या दिवशी अजिबात जमले नाही तर दुसऱ्या दिवशी दुप्पट चालायचे नाही, ठरले होते तेवढेच चालायचे.

पायांची बधिरता केमोतल्या व्हिन्क्रिस्टिन या औषधामुळे आहे. मज्जातंतूंवर त्याचा परिणाम होतो आणि केमो थांबल्यावरही काही काळ तो वाढल्यासारखा वाटू शकतो. त्याने घाबरून जाऊ नका. बहुतेकांची बधिरता काही महिन्यांत कमी होते, काहींची थोडी उरते. पण सगळे केमोवर ढकलण्याआधी व्हिटॅमिन बी-१२ तपासा. तुमचे घर शाकाहारी असेल, किंवा साखरेसाठी मेटफॉर्मिन सुरू असेल, तर बी-१२ कमी असण्याची शक्यता बरीच असते आणि ती भरून काढता येते. साखरही मज्जातंतूंना त्रास देते. जळजळ किंवा वेदना असेल तर ड्युलोक्सेटिनसारखी गोळी डॉक्टर देऊ शकतात. तोवर पावलांची काळजी घ्या. रोज रात्री तळवे दिव्याखाली पाहायचे, घरातही चप्पल घालायची, आणि या थंडीत शेकोटीपाशी किंवा गरम पाण्याच्या पिशवीवर पाय ठेवायचे नाहीत. बधिर पायाला चटका कळत नाही, फोड आल्यावरच कळते. रात्री बाथरूमला जाण्याच्या वाटेवर छोटा दिवा लावून ठेवा.

साखरेचे कारण प्रेडनिसोलोन हे स्टिरॉईड. आर-चॉपमध्ये ते दर वेळी पाच दिवस, रोज १०० मिलिग्रॅम असते. ते बंद झाल्यावर काहींची साखर पूर्ववत होते, काहींचा आधी लपून असलेला मधुमेह उघडा पडतो. यजमानांना केमोत रक्त चढवले असेल किंवा हिमोग्लोबिन अजून सावरत असेल तर तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी, एचबीए१सी, फसवी येऊ शकते. उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर काही दिवस घरच्या यंत्रावर मोजून वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. स्टिरॉईडने हाडेही विरळ होतात, तेव्हा व्हिटॅमिन डी पाहून घ्या. खुबा किंवा जांघेत सतत दुखत असेल तर तेही सांगा. स्टिरॉईडनंतर क्वचित खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि एमआरआयशिवाय ते सुरुवातीला दिसत नाही.

जेवणाचे मात्र फार मनावर घेऊ नका. लिम्फोमा परत येऊ नये म्हणून कुठले खास पथ्य नाही. दह्याने, ताकाने, लिंबाने, वांग्याने लिम्फोमा परतत नाही. गोड खाल्ल्यानेही परतत नाही, गोड कमी करायचे ते मधुमेहासाठी. रक्तातल्या पेशींचे काउंट नॉर्मल असतील तर घरचे ताजे दही खुशाल खाऊ द्या. शरीराला आता प्रथिने हवी आहेत, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण एक ग्रॅम किंवा थोडी जास्त. नुसत्या पातळ वरणभातावर ती भरत नाहीत. घट्ट वरण, मटकीची शिजवलेली उसळ, पनीर, दही, चालत असतील तर अंडी, यातले काही ना काही तिन्ही वेळेला ताटात हवे. सकाळचे पोहे राहू द्या, पण शेवेचा डोंगर आणि जिलबी नको, वर भाजलेले शेंगदाणे घाला आणि सोबत वाटीभर दही द्या. छप्पन दुकानांवर किंवा सराफ्यात न्यायचे असेल तर न्या. समोर कढईतून निघालेले गराडू, भुट्ट्याचा कीस, थोडेसे, गरम, चालेल. पाणीपुरीचे पाणी, उघड्यावर कापलेली फळे, बर्फ, कच्चे दूध आणि कच्चे मोड मात्र हे वर्षभर नकोत. त्यामागचे कारण संसर्ग आहे, कॅन्सर नव्हे.

सासूबाईंकडे हे प्रथिनांचे काम सोपवा. मुलाला काय देऊ नये हे सांगणाऱ्या आईला काय द्यायचे ते सांगितले की घरातला निम्मा ताण उतरतो. काढ्याबद्दल तुम्ही बोलण्यापेक्षा डॉक्टरांना पुढच्या भेटीत त्यांच्यासमोर बोलू द्या.

तंबाखू-चुन्याबद्दल मी गुळमुळीत बोलणार नाही. केमो झालेल्या माणसाला दुसऱ्या एखाद्या कॅन्सरचा धोका आधीच थोडा जास्त असतो. त्यात तोंडाचा कॅन्सर आपल्या भागात आधीच भरपूर. मध्य प्रदेशाने २०१२ मध्ये देशात सर्वांत आधी गुटख्यावर बंदी घातली, ती उगाच नव्हे. पण बंदीने घरातली पुडी जात नाही. केमोच्या काळात ते महिनोन्‌महिने तंबाखूशिवाय राहिले, म्हणजे त्यांना जमते. आता पुन्हा हात का गेला, हे प्रेमाने विचारा. बहुधा भीती, रिकामपण किंवा रात्रीची झोप, यांपैकी काहीतरी असते. निकोटिनची च्युइंगगम आणि समुपदेशन यांचा उपयोग होतो. सुपारीही याच यादीत धरा.

ताप. थर्मामीटर आणा आणि सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवा. १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना आणि रक्ताचा काउंट. रिटुक्सिमॅबनंतर काही महिन्यांनी, सगळे सुरळीत दिसत असताना, पांढऱ्या पेशी अचानक खाली जाऊ शकतात. ऐन पावसाळ्यात ताप डेंग्यूचाही असू शकतो, तेव्हा घरात पडलेल्या दुखण्याच्या गोळ्या स्वतःहून देऊ नका.

एका बाजूला पट्ट्यासारखे फोड आणि आग, म्हणजे नागीण. या काळात ती बऱ्याच जणांना होते. तिच्यावर गेरू लावण्यात किंवा उतरवून घेण्यात दोन-तीन दिवस घालवू नका. विषाणूविरोधी गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर खरा उपयोग, नाहीतर वेदना महिनोन्‌महिने मागे लागते.

लसींचा हिशेब असा. रिटुक्सिमॅबनंतर साधारण सहा महिने शरीर प्रतिपिंडे नीट बनवत नाही, म्हणून बहुतेक लसी त्यानंतर घेतलेल्या बऱ्या, म्हणजे तुमच्याकडे फेब्रुवारीनंतर. न्यूमोनियाची लस, दरवर्षीची फ्लूची लस आणि नागिणीची नवी, जिवंत विषाणू नसलेली लस, या तिघींबद्दल विचारा. नागिणीची ही लस भारतात २०२३ पासून मिळते, किंमत बरीच आहे, पण त्यांच्यासाठी ती विचारात घेण्याजोगी आहे. जिवंत लसी डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हणेपर्यंत नकोत. घरातल्या तुम्ही सगळ्यांनी फ्लूची लस घेतलीत तर त्याचाही त्यांना फायदा होतो.

गेर. मला माहीत आहे इंदूरकराला गेर म्हणजे काय ते. पण राजवाड्याभोवतीची ती लाखोंची गर्दी, टँकरचे पाणी, श्वासात जाणारा गुलाल, हे या मार्चमध्ये नको. गच्चीवरून पाहता येत असेल तर पाहू द्या, घरच्या माणसांशी कोरडा रंग खेळू द्या. मराठी नाटकाला, लग्नाला, नातेवाइकांकडे मात्र आत्ताही जायला हरकत नाही. सर्दी-खोकल्याच्या माणसापासून थोडे दूर बसायचे, गर्दीत मास्क लावायचा, इतकेच.

आता तुमचा सर्वांत मोठा प्रश्न, गेला की दबला. या प्रकारचा लिम्फोमा आर-चॉपने साधारण दहापैकी सहा जणांचा कायमचा बरा होतो. हा आकडा उपचार सुरू करतानाच्या सगळ्या रुग्णांचा आहे. ज्यांचा शेवटचा पेट स्कॅन स्वच्छ येतो त्यांचे भविष्य याहून चांगले असते, आणि तुमचे यजमान त्यांच्यात आहेत. आजार परतायचा असेल तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत परततो. अमेरिका आणि फ्रान्समधल्या रुग्णांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. निदानापासून दोन वर्षे आजार न परतता पार केलेल्या रुग्णांचे आयुर्मान त्यांच्याच वयाच्या इतर लोकांच्या जवळपास आले होते. म्हणून दबला हा शब्द मनातून काढा. आज आजार नाही. पुढची काही वर्षे आपण खात्री करत राहायचे आहे.

खात्री स्कॅनने करायची नसते, हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. दर तीन महिन्यांनी पेट स्कॅन करून घ्यावा असे तुम्हाला वाटते, लोकही सुचवतात. त्रास नसताना केलेला पेट स्कॅन फायद्यापेक्षा घोर जास्त लावतो. जुना क्षय, साधा संसर्ग, नुकतीच घेतलेली लस, इतकेच काय थंडीत आखडलेल्या मानेतली चरबीसुद्धा त्यात उजळते. मग बायोप्सी, मग आठवडाभर झोप नाही, आणि हाती काही लागत नाही. परतलेला लिम्फोमा बहुतेक वेळा रुग्णालाच आधी जाणवतो किंवा डॉक्टरांच्या हाताला लागतो. म्हणून पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी तपासणी आणि रक्त, मग पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत दर सहा महिन्यांनी, त्यानंतर वर्षातून एकदा. स्कॅन लक्षण दिसले तरच.

लक्षणे कोणती? नवी गाठ, विशेषतः रबरासारखी, न दुखणारी, दोन-तीन आठवड्यांत न जाणारी. कपडे-चादर बदलावी लागेल असा रात्रीचा घाम. कारण नसलेला ताप. सहा महिन्यांत वजनाचा दहावा हिस्सा आपोआप कमी होणे. महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी मान, काख, जांघ चाचपायची. रोज नाही. रोज चाचपले की साधी ग्रंथीही मोठी वाटू लागते.

आणि नवी गाठ आलीच तर एक गोष्ट कटाक्षाने पाळा. आपल्याकडे गाठ म्हटली की क्षयाची औषधे सुरू होतात, किंवा कुणी स्टिरॉईडची सुई देतो. स्टिरॉईडने लिम्फोमाची गाठ विरघळल्यासारखी होते, सगळे खूश होतात, आणि नंतर बायोप्सीत काहीच उमगत नाही. आधी बायोप्सी, नुसती सुईची तपासणी नव्हे, पूर्ण तुकडा. मगच औषध. परतलेल्या लिम्फोमावरही आज उपाय आहेत, स्वतःच्या मूळ पेशींचे प्रत्यारोपण आहे, आणि आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या भारतीय कार-टी उपचाराला, म्हणजे रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून त्या आजारावर सोडण्याला, २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आहे. हे आत्ता तुम्हाला लागणार नाही अशीच आशा आहे. पण पुढे काही रस्ताच नाही, अशी भीती बाळगू नका म्हणून सांगितले.

हे सगळे एका विशिष्ट प्रकाराबद्दल आहे. वाचणाऱ्यांत कुणी हॉजकिन या दुसऱ्या प्रकारच्या लिम्फोमाचे रुग्ण असतील तर त्यांच्या गोष्टी वेगळ्या. ब्लिओमायसिन हे औषध घेतले असेल तर पुढे कुठल्याही ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते सांगायचे, कारण जास्त ऑक्सिजनने फुप्फुसांना इजा होऊ शकते. मानेला शेक, म्हणजे रेडिएशन, दिला असेल तर टीएसएच दरवर्षी, कायम. तरुण वयात छातीला शेक घेतलेल्या मुलींनी स्तनांची तपासणी इतरांपेक्षा बरीच आधी, साधारण शेकानंतर आठ वर्षांनी, सुरू करायची. फॉलिक्युलर हा आणखी एका प्रकारचा लिम्फोमा असेल तर दोन वर्षांचा हिशेब लागू नाही, तो सावकाश चालतो आणि वर्षानुवर्षे नुसते लक्ष ठेवण्यातही अर्थ असतो.

चिडचिडीबद्दल थोडे. केमोच्या काळात प्रत्येक दिवस ठरलेला असतो, नर्सबाई असतात, डॉक्टर असतात. ते संपले की माणूस एकटा पडतो आणि भीती तेव्हा येते. तपासणीच्या आधीच्या आठवड्यात ती वाढते, रिपोर्ट आला की उतरते. हे बहुतेकांना होते आणि दर वेळी थोडे कमी होते. पण दोन-तीन आठवडे सलग झोप नाही, कशातच रस नाही, सारखे रडू येते, असे असेल तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. त्यावर औषधे आहेत आणि ती लिम्फोमानंतर घेता येतात. विसरभोळेपणा, शब्द न सुचणे हेही काही महिने असते. पती-पत्नीच्या जवळिकीला काही मनाई नाही. हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही, म्हणून लिहिले. तुम्हीही गेल्या मेपासून धावता आहात, ताई. रात्री दर तासाला उठून त्यांचे कपाळ तपासत असाल तर ते आता थांबवा. ताप आला तर त्यांना कळेल.

नोकरीवर इको आणि काउंट चांगले आले की जानेवारीअखेर जायला हरकत नाही. पहिले दोन महिने अर्धा दिवस किंवा काउंटरमागचे काम मागून घ्या, रोख काउंटरवरची गर्दी टाळा. बँकेला लागणारे फिटनेसचे पत्र डॉक्टर देतील. छातीत केमो देण्यासाठी बसवलेला पोर्ट अजून असेल तर तो चार ते आठ आठवड्यांनी धुवून घेणे सोडू नका, आणि काढायचा कधी ते विचारा.

तपासण्या इंदूरमध्येच करून रिपोर्ट पाठवण्याची सोय बहुतेक मोठ्या केंद्रांत असते. मुंबईला दाखवत असाल तर दर वेळी अवंतिका एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करायला हवाच असे नाही, फोनवर विचारून पाहा. आणि एक फाईल करा. बायोप्सीचा रिपोर्ट, प्रत्येक औषधाचे नाव व एकूण मात्रा, पहिल्या आणि शेवटच्या केमोची तारीख, दोन्ही इको, शेवटचा पेट स्कॅन, हिपॅटायटिसचे रिपोर्ट. बायोप्सीचे मेणातले ब्लॉक लॅबमधून मागून घेऊन घरी कोरड्या, उन्हापासून दूर अशा जागी ठेवा आणि डब्यावर नाव-तारीख लिहा. पुढे कुणाला नवी तपासणी करावीशी वाटली तर तोच तुकडा लागतो.